मुंग्या गेल्या, मीटर आला

२०१३ साली होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. धुळवडीनंतर एक-दोन दिवसांनी आमच्या नेरुळच्या घरी केबलवाला आला. एका हातात काळा डबा, दुसऱ्या हातात पावतीपुस्तक, आणि कानामागे रंग अजून तसाच.

"काकू, एकतीस तारखेनंतर डब्याशिवाय काही दिसणार नाही. सरकारचा आदेश आहे."

आईने डबा उलटासुलटा करून पाहिला. "आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीचं?"

"त्याला वेगळा डबा."

"वायर तर एकच येते ना रे घरात?"

यावर तो नुसता हसला. वायर खरोखरच एक होती. गच्चीवरून खाली लोंबत खिडकीच्या कोपऱ्यातून आत आलेली. तिला एक स्वस्तातला स्प्लिटर लावला की दोन खोल्यांत दोन टीव्ही चालायचे. आतल्या टीव्हीवर थोड्या मुंग्या यायच्या, पण मालिका कळायची. वायरीतून काय आलं आणि किती खोल्यांत पाहिलं, हे कुणी विचारत नसे. १ एप्रिलपासून विचारलं जाणार होतं. आईला तंत्रज्ञान कळत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आज वाटतं, त्या खोलीत मुद्दा तिलाच काय तो कळला होता. वायर तीच राहणार होती, कार्यक्रमही बहुतेक तेच. नवीन होतं ते मोजमाप.

आपल्याकडे ज्याला टीव्हीचं डिजिटायझेशन म्हटलं गेलं ते मुळात हिशेबाचं काम होतं. जाहिरातींत मात्र ते चित्राचं काम म्हणून आलं: स्वच्छ चित्र, शेकडो वाहिन्या, हवी तेवढीच निवड. हिशेब करायला माझी हरकत नाही, उलट तो फार आधी व्हायला हवा होता. हरकत आहे ती अशी की मोजणीचा खर्च ज्याची मोजणी झाली त्याच्याकडून घेतला, आणि मोजला गेल्यावर जे हक्क त्याच्या हाती यायला हवे होते ते लांबणीवर टाकले.

कायद्याचा नकाशा हार्बर लाइनवरच काढता येतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५चा. २०११ च्या डिसेंबरात संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि केबलवरून येणारी प्रत्येक वाहिनी डिजिटल व सांकेतिक स्वरूपातच द्यायची, असं चार टप्प्यांत बंधनकारक झालं. मानखुर्द बृहन्मुंबईत, म्हणून पहिल्या टप्प्यात. तिथली मूळ तारीख ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरवर गेली. खाडीपूल ओलांडला की वाशी. हा दुसरा टप्पा, दहा लाखांवर वस्ती असलेल्या ३८ शहरांचा, तारीख ३१ मार्च २०१३. महाराष्ट्रातली नऊ शहरं त्यात होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबईने अकरा लाखांचा आकडा ओलांडला होता. पण आमच्या महापालिकेची हद्द बेलापूरला संपते. त्याच रुळांवरून पुढे गेल्यावर पनवेल, तेव्हा नगरपालिका, म्हणून तिसरा टप्पा आणि तारीख ३१ डिसेंबर २०१५. तालुक्यातल्या खेड्यांना चौथा टप्पा, सरकत सरकत ३१ मार्च २०१७. मानखुर्दहून पनवेलला लोकलने पाऊण तास लागतो. कायद्याला तीन वर्षं आणि दोन महिने लागले.

टप्पे पाडण्यात चूक नव्हती. एवढे डबे एका दिवसात येणार कुठून? बहुतेक तर बाहेरूनच, मुख्यतः चीनमधून येत होते. आणि याआधी एकदा तोंड भाजलं होतं. 'कॅस' नावाचा हाच प्रयोग २००२ च्या कायदादुरुस्तीने आणला, २००३ मध्ये चेन्नई सोडता गुंडाळला आणि न्यायालयाच्या रेट्याने २००६ च्या ३१ डिसेंबरला मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या फक्त दक्षिण भागांत पुन्हा सुरू केला. तेव्हा ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दर ठरवून दिला होता: किमान ३० मोफत वाहिन्यांना ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनी प्रत्येकी पाच रुपये. आज तो दर वाचताना जुन्या लग्नपत्रिकेतला पत्ता वाचल्यासारखं वाटतं.

जगात याच सुमारास ॲनालॉग टीव्ही बंद होत होता. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं. जपानमध्ये २४ जुलै २०११ ला थांबलं, पण भूकंप आणि त्सुनामीने मोडलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत मिळाली. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे मुंबईत डबे बसत होते त्याच महिन्यात, शेवटचा ॲनालॉग मनोरा बंद केला. आपले मंत्री आणि अधिकारी या देशांचे दाखले देत. दाखल्यात एक गोष्ट गाळलेली असे. तिथे बंद होत होतं ते हवेतून, अँटेनावर येणारं प्रक्षेपण. ॲनालॉग वाहिनीला जेवढी जागा हवेत लागते तेवढ्यात डिजिटलच्या अनेक वाहिन्या बसतात. उरलेला स्पेक्ट्रम मोकळा होतो आणि सरकार तो मोबाइल कंपन्यांना विकतं. अमेरिकेने २००८ च्या लिलावात त्यावर सुमारे १९ अब्ज डॉलर मिळवले आणि जुने टीव्ही असलेल्या घरांना डब्यासाठी चाळीस डॉलरची दोन-दोन कूपनं दिली. ब्रिटनने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरी येऊन डबा बसवून, रिमोट समजावून देण्याची योजना चालवली. सरकारला काही मिळत होतं, म्हणून ते काही देत होतं.

आमच्या नेरुळच्या वायरीतून कुठला स्पेक्ट्रम मोकळा होणार? केबल बंद नळीतून वाहते. तिच्यातली जागा वाढली ती केबल कंपनीची. सरकारला मिळणार होती ती यादी: अमुक इमारत, अमुक मजला, एक जोडणी. त्या यादीवर कर लागणार होता. तेव्हा महाराष्ट्रात मोठ्या शहरांत दर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये करमणूक कर होता, आणि समजा शंभर घरं जोडलेली असली तर वर वीसच कळवायची, ही या धंद्याची उघड रीत होती. करवसुली खात्याला, मोठ्या केबल कंपनीला आणि वाहिनीलाही. तिघांनाही माहीत होतं, तिघांकडेही पुरावा नव्हता.

हे सांगताना जुन्या व्यवस्थेबद्दल गहिवर आणण्याचा माझा विचार नाही. ती व्यवस्था गोड वाटते कारण तिची बिलं आपल्यापर्यंत पोचत नव्हती, दुसरीकडे फुटत होती. वर्गणीचा पैसा वर पोचत नाही म्हटल्यावर वाहिनी जगणार जाहिरातींवर, जाहिराती मिळणार टीआरपीवर, आणि टीआरपी मोजणारी यंत्रं मोठ्या प्रमाणात मुंबईसारख्या शहरांतल्या घरांत. म्हणजे मुंबईच्या केबलवर दिसणं भाग. पण ॲनालॉग वायरीत जागा ऐंशी-शंभर वाहिन्यांची आणि देशात परवाना मिळालेल्या वाहिन्या आठशेच्या घरात. मग ज्याच्या हाती वायर त्याला वाहिनीनेच पैसे मोजायचे, कॅरेज फी म्हणून. जुन्या टीव्हीवर लागेल असा पट्टा हवा असेल तर आणखी. त्या काळात मराठी बातम्यांच्या वाहिन्या एकामागोमाग आल्या: २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. मराठी वाहिनीला मुंबई-ठाण्यातल्या मराठी घरात पोचण्यासाठी हिंदी आणि इंग्रजी वाहिन्यांशी त्या ऐंशी जागांच्या बोलीत उतरावं लागे. बातमीदाराच्या पगारातून जाणारा पैसा वायरीच्या भाड्यात जाई. डिजिटलने जागा वाढवली, बोलीचा जोर कमी केला. कॅरेज फी पूर्ण गेली नाही, पण दार अरुंद राहिलं नाही. डब्याचं हे श्रेय नाकारणारा माणूस मुंग्यांच्या आठवणीत रमलेला असतो.

पण त्याच मुंग्यांविषयी थोडं बोलायला हवं. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडतं. पाऊस वाढला, वायरीत पाणी शिरलं, की आधी मुंग्या, मग सावल्या, मग रंग उडतात, तरी आवाज शाबूत असतो आणि आई बातम्या ऐकत पोळ्या करू शकते. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ असतं नाही तर चौकोन चौकोन होऊन गोठतं. मधलं काही नाही. माझ्या मते पैशाच्या व्यवहाराचंही नेमकं हेच झालं.

आमच्याकडे केबल चालवणारा मुलगा शेजारच्या गावठाणातला. सिडकोने १९७० नंतर जमिनी घेतल्या त्या गावांतल्या पुढच्या पिढीने पाण्याचे टँकर, रेती-सिमेंट, केबल असे धंदे धरले, त्यातलाच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पावती फाडायला यायचा. नवीन नोकरी लागेपर्यंत, मुलाची फी भरेपर्यंत, गावाहून कुणी येईपर्यंत दोन-तीन महिने थांबायचा. कुरकुरायचा, पण थांबायचा. यात चांगुलपणा किती आणि नाइलाज किती हे वेगळं काढता येणार नाही. जोडणी तोडायची तर त्याला स्वतः गच्चीवर चढून वायर कापावी लागे, खाली उतरताना जिन्यात त्याच घरातल्या माणसाशी नजर भिडवावी लागे, आणि पुन्हा जोडायची तर पुन्हा चढावं लागे. उधारी या कष्टाच्या आधारावर उभी होती. डबा आला आणि कष्ट संपले. जोडणी मोठ्या कंपनीच्या कुठल्याशा हेडएंडवरच्या, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या केंद्रावरच्या, संगणकातून बंद होते. तिथल्या माणसाला सेक्टर माहीत नसतो. २०१९ पासून तर आधी पैसे, मग चित्र. उधारी ही काही राज्यघटनेने दिलेली गोष्ट नव्हे. पण या शहरात माथाडी, रिक्षावाले, रोजावर जाणारे लोक राहतात. त्यांच्या महिन्याचा हिशेब एकतीस तारखेला जुळत नाही. हा बदल त्यांच्या घरात कसा पोचेल, असा प्रश्न त्या सगळ्या आदेशांच्या ढिगात मला कुठे सापडला नाही.

आणि तो मुलगा? कायद्याने त्यालाही मोजलं. आधी तो धंद्याचा मालक होता, वर फक्त भाडं भरायचा. सांकेतिक कुलूप मोठ्या कंपनीच्या हाती गेल्यावर तो वसुली करणारा आणि वायर जोडणारा उरला. २०१२ च्या दरआदेशात त्याचा वाटा, दोघांत वेगळा करार नसेल तर, मोफत वाहिन्यांच्या मूळ पॅकमध्ये ४५ टक्के आणि सशुल्क वाहिन्यांत ३५ टक्के ठरला. त्याने इतकी वर्षं घरं लपवली होती, हे खरं. पण गणपतीत विसर्जनाची मिरवणूक दाखवणारी, नाक्यावरच्या पाणीकपातीची बातमी देणारी वाहिनीही त्याचीच होती. नवे सिनेमे चोरून दाखवणारीही तीच, हेही लिहून ठेवतो.

आता डब्याकडे येतो. डबा हा मीटर आहे. वीजमीटर जसा वीज तयार करत नाही तसा हा चित्र तयार करत नाही. तो मोजतो आणि अडवतो. पण विजेच्या मीटरबद्दल तक्रार असेल तर तो तपासून मागता येतो, आणि उद्या त्याच मीटरवर दुसऱ्याची वीज घ्यायची नाही हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. डब्याचे मात्र आपण हजार-बाराशे रुपये मोजले, आणि केबलवाला बदलायचा म्हटलं तर तो उशाला घेण्यापलीकडे उपयोगाचा नाही. एका कंपनीच्या डब्यात दुसऱ्या कंपनीची वाहिनी उघडत नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली होती, म्हणजे केबल कायद्याची दुरुस्ती व्हायच्या अकरा महिने आधी. एकाच देशाने, एकाच नियामकाच्या देखरेखीखाली, मोबाइलच्या ग्राहकाला कंपनी सोडून जाण्याचा हक्क दिला आणि टीव्हीच्या ग्राहकाला त्याच वर्षी खुंट्याला बांधायची तयारी केली. डीटीएचच्या परवान्यात डबा दुसऱ्याकडे चालेल असा असावा ही अट सुरुवातीपासून आहे. ती कागदावरच राहिली. ट्रायने डबे परस्पर चालावेत अशी शिफारस केली ती एप्रिल २०२० मध्ये. तोवर चारही टप्पे उरकून तीन वर्षं झाली होती, आणि लोक टाळेबंदीत घरात बसून दूरदर्शनवर पुन्हा 'रामायण' पाहत होते. हक्क आधी आणि डबा नंतर, असा क्रम लावला असता तर कंपन्यांना एकमेकांशी भाव आणि सेवेवर झुंजावं लागलं असतं. क्रम उलटा लागला, तो चुकून लागला असं मला वाटत नाही.

निवडीचं आश्वासन उरलं होतं. ट्रायने ३ मार्च २०१७ ला नवा दरआदेश काढला, सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ ला तो उचलून धरला आणि फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत. पॅकमध्ये घालायची वाहिनी १९ रुपयांच्या वर न्यायची नाही. आदेश वाचला तर सुंदर आहे. आईने वहीत हव्या त्या वाहिन्या लिहिल्या, बेरीज केली, आणि पॅक घेणं स्वस्त पडतं असं निघालं. त्या पॅकमध्ये तिला नको असलेल्या डझनभर वाहिन्या होत्या. सुटी भाजी जुडीपेक्षा महाग लावली की लोक जुडीच घेतात, हे वाशीच्या बाजारात कुणालाही कळतं. नंतर १ जानेवारी २०२० चा दुसरा आदेश आला, १३० रुपयांत दोनशे वाहिन्या आणि बारा रुपयांची मर्यादा. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तो बहुतांशी कायम केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसरा, पुन्हा १९ रुपये. जुलै २०२४ मध्ये त्या १३० रुपयांवरचीही मर्यादा उठली. आईने वही बंद केली होती ती आधीच.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती सरकारची स्वतःची डिश. प्रसारभारतीची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. एकदा डिश आणि डबा घ्या, पुढे महिन्याचं बिल नाही. सह्याद्री त्यावर आहे, फक्त मराठी आणि शेमारू मराठीबाणासारख्या वाहिन्याही त्यावर आल्या. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज सांगितला जातो. अंदाज अशासाठी की ती घरं मोजताच येत नाहीत, कारण सिग्नलला कुलूपच नाही! प्रत्येक जोडणीची नोंद व्हायलाच हवी म्हणून कायदा करणाऱ्या सरकारची स्वतःची सेवा कुणाचीच नोंद न ठेवता चालते, जागांच्या लिलावावर पैसा कमावते आणि गरिबाच्या घरी पोचते. म्हणजे न मोजताही टीव्ही चालवता येतो. मोजणी ही एका विशिष्ट धंद्याची गरज होती, ती देशाच्या प्रगतीच्या नावाने खपवली गेली.

आणि खरोखरचं ॲनालॉग प्रक्षेपण, अँटेनावरचं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. त्याचा सिग्नल खाडी ओलांडून इकडे येई. गच्चीवर एकजण अँटेना फिरवतो आहे आणि खालून घरचे "आलं, आलं... गेलं" ओरडत आहेत, हा देखावा पन्नाशीच्या सगळ्यांना आठवेल. प्रसारभारतीने २०२१ मध्ये उरलेल्या ॲनालॉग प्रक्षेपकांची वेळापत्रकं जाहीर केली: मोक्याच्या जागांवरचे सुमारे पन्नास वगळून बाकी सगळे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद. वर्षाला सुमारे शंभर कोटींची बचत आणि मोकळा झालेला स्पेक्ट्रम, असा त्याचा हिशेब दिला गेला. जपान-अमेरिकेत जे घडलं त्याच्याशी खरं नातं असलेली आपल्याकडची घटना ती. तिचा कुणी गवगवा केला नाही. कारण ती अँटेना पाहणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यात कुणाचं बिलही नव्हतं.

आता केबलचीही तीच गत होत चालली आहे. घणसोलीला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रिलायन्सचा मोठा परिसर आहे. जिओ तिथून चालते. ५ सप्टेंबर २०१६ ला तिने मोबाइल सेवा सुरू केली. २०१८ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेण्याची घोषणा केली. ज्या वायरींवर पंधरा वर्षं कायदे, दरआदेश आणि दावे झाले त्या आता फायबरच्या शेजारी लोंबतात. फायबरवरून येणाऱ्या ॲपवर ट्रायचा वाहिनीदर लागत नाही, त्यावर १९ रुपयांची मर्यादा नाही, आणि ते आपण कुठला प्रसंग कितव्या मिनिटाला बंद केला हेही मोजतं. आमचा केबलवाला आता फायबर बसवतो. परवा आला तेव्हा केस पिकलेले दिसले.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना तो काळा डबा सापडला. आतल्या खोलीतला दुसराही. पावती आईने जपून ठेवली होती, तिच्यावर पूर्ण रक्कम मिळाल्याचं लिहिलेलं. डब्याच्या बुडाला मात्र हा डबा कंपनीच्या मालकीचा आहे असं सांगणारा स्टिकर, आणि खाली परत करण्यासाठी एक फोन नंबर. नंबर लागला नाही. भंगारवाल्याने जुना टीव्ही उचलला, स्टॅबिलायझर उचलला, पंख्याची मोटर हातात तोलून पाहिली. डबे त्याने खाली ठेवले.

"यात तांबं नसतं, काकू."

आई म्हणाली, "असू दे, वर टाक." ते आता पुन्हा माळ्यावर आहेत.